रविवारी केलेली उसळ बुधवारी आंबते

प्रश्न : घरात पाच माणसे, किराण्याचे पैसे मोजके आणि आम्ही दोघेही सकाळी ७ वाजता बाहेर पडणारे, म्हणून आठवड्याची उसळ व आमटी मी रविवारीच करून ठेवते, परंतु ओल्या नारळाचे वाटण घातलेली मटकीची उसळ बुधवारपर्यंत आंबते. काय चुकत असावे?

प्रतिसाद : ताई, ओला नारळ लवकर आंबतो. उसळ शिजवून ठेवण्यापेक्षा मोड आलेली मटकी कोरडी करून डब्यात ठेवावी आणि कांदा व सुक्या खोबऱ्याचे वाटण तेल सुटेपर्यंत परतून वेगळे ठेवावे. मग कुकरच्या एका शिट्टीत ताजी उसळ होते. पाव किलो मटकी मोड आल्यावर दुपटीहून अधिक भरते, हा फायदा वेगळाच.

प्रतिसाद : तूरडाळ महाग पडते, म्हणून मी तिच्यात निम्मी मसूर घालतो आणि शिजलेले वरण उथळ डब्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवतो. फोडणी मात्र त्या त्या दिवशीच द्यावी. आपण भरलेले पातेले रात्रभर ओट्यावर तर ठेवत नाही ना?

प्रश्नकर्ती : ठेवते! निवायला म्हणून ठेवलेले पातेले सोमवारी सकाळीच फ्रिजमध्ये जाते. या रविवारी लहान डबे काढते.