लिंकर ‘जोडक’, मग लोडर कोण?

पाठकोरा: सिस्टिम प्रोग्रॅमिंगच्या नोट्स मराठीत आणतोय. प्रोग्रॅमचे वेगवेगळे तुकडे एकत्र जोडतो त्या लिंकरला ‘जोडक’ केलं, जोडलेला प्रोग्रॅम चालवायला मेमरीत आणतो त्या लोडरला ‘भारक’. तपासणाऱ्या बाईंनी दोन्हींवर लाल रेघ ओढली, म्हणे भारक वाचलं की मंत्र टाकून भारणारा डोळ्यांपुढे येतो. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ या एररला ‘अपरिभाषित संदर्भ’ लिहिलं होतं, त्यावर नुसतंच प्रश्नचिन्ह. सुचवा काहीतरी.

आडवाहात: बाईंचं काय चुकलं? बोलताना आपण प्रोग्रॅम मेमरीत चढवतो, भारत नाही. सरळ ‘चढवा’ म्हणा. आणि जोडक नको, ‘सांधक’ घ्या. सांधा, सांधणं, संधी सगळी एकाच घरची, आणि लिंकर करतो ती संधीच की हो, दोन ऑब्जेक्ट फायली, म्हणजे वेगवेगळ्या तयार झालेल्या मशीन कोडचे तुकडे, नुसत्या शेजारी ठेवून भागत नाही, जिथे एकीतून दुसरीला हाक जाते तिथले आकडे बदलावे लागतात, सूर्य आणि उदय भेटले की मधला स्वर बदलतो तसे.

शून्यलब्धी: संधी गोड आहे पण बोलतं कोण हे? दिवसभर ‘अरे लिंक होत नाहीये’ एवढंच कानावर येतं. लिंकर, लोडर ठेवा, विषय संपवा.

जुनाजाणता: विषय कसा संपेल, इंग्रजीतच घोळ आहे. युनिक्सवर लिंकरच्या कमांडचं नाव ‘एलडी’, म्हणजे अक्षरं लोडची! आयबीएमच्या सिस्टिम ३६० वर त्यालाच लिंकेज एडिटर म्हणायचे. आणि संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपर यांनी १९५१-५२ मध्ये ए-० नावाचा प्रोग्रॅम केला, त्याला कंपायलर म्हटलं. आज कंपायलर म्हणजे आपला कोड मशीनच्या भाषेत आणणारा, पण तो मुख्यतः टेपवरची सबरूटिन्स, म्हणजे तयार कोडचे तुकडे, उचलून एकत्र बांधायचा, म्हणजे आजच्या लिंकर-लोडरचं काम. आपण कंपायलरला ‘संकलक’ म्हणतो ना? तो शब्द खरा लिंकरला शोभतो. सिनेमातला संकलक तुकडेच जोडतो.

शून्यलब्धी: झालं, आता कंपायलरलाही घराबाहेर काढा. आणि आडवाहात, चढवा पण चुकीचाच. लिनक्सवर प्रोग्रॅम सुरू करताना अख्खी फाइल उचलून मेमरीत टाकत नाहीत, फाइलचा कुठला भाग कुठल्या पत्त्यावर दिसेल एवढं मांडून ठेवतात, मेमरीच्या एखाद्या पानाला, म्हणजे ठरावीक आकाराच्या तुकड्याला, हात लागला की मग ते पान येतं. चढत काहीच नाही सुरुवातीला.

आडवाहात: मग ‘मांडवा’ म्हणा! रागावू नका हो.

पाठकोरा: मंडळी, माझी एरर? परवाच खाल्लेला मार सांगतो. सी भाषेत वर्गमूळ काढणारं एसक्यूआरटी हे फंक्शन वापरलं, मॅथचा हेडर घातला, कंपाइल गपगुमान झालं आणि लिंक करताना अनडिफाइन्ड रेफरन्स. हेडर तर घातलाय, असं म्हणत अर्धा तास त्याच ओळीकडे बघत बसलो. हेडरमध्ये फंक्शनचं नुसतं नाव नि ते काय घेतं, काय देतं एवढंच, कोड लायब्ररीत. मॅथची लायब्ररी जोडायला सांगणारं ‘हायफन एलएम’ कमांडच्या शेवटी लावलं तेव्हा सुटलं, त्याआधी तेच फायलीच्या नावाआधी लिहून पाहिलं होतं. स्टॅटिक लायब्ररीत लिंकर डावीकडून उजवीकडे जातो, लायब्ररीपाशी आला तेव्हा कोणी मागितलेलंच नव्हतं, मग तो पुढे गेला.

जुनाजाणता: अहो मग मराठी तुमच्या हातात आहे! ‘एसक्यूआरटीचा पत्ता लागत नाही.’ लिंकर पत्तेच लावतो.

आडवाहात: वा! यावर बाई काय रेघ ओढतील.

शून्यलब्धी: ओढतील. एक्स८६-६४ प्रोसेसरवर फंक्शनला हाक मारायच्या, म्हणजे कॉलच्या, जागी कंपायलर कॉलचा कोड ई८ नि पुढे चार बाइट शून्य सोडतो, लिंकर तिथे पत्ता भरत नाही, अंतर भरतो, पुढच्या सूचनेपासून किती दूर ते. आणि लायब्ररी डायनॅमिक, म्हणजे चालवताना जोडली जाणारी, असेल तर ते अंतर मधल्या एका छोट्या कोडापर्यंतचंच, खरा पत्ता प्रोग्रॅम चालू होताना किंवा पहिल्यांदा हाक मारली की भरतात, आणि भरणारा निघतो ‘एलडी-लिनक्स’ नावाचा, ज्याला कोणी डायनॅमिक लिंकर म्हणतं कोणी लोडर. आता याला जोडक म्हणू की चढवा?

आडवाहात: चढवा-सांधक. समास होतो.

पाठकोरा: पुढच्या पानावर ‘रिलोकेशन’ आहे, म्हणजे लिंकर कोडमधले पत्ते नव्या जागेप्रमाणे दुरुस्त करतो ते, त्याला ‘पुनर्वसन’ लिहिलंय, बाईंनी अजून पाहिलेलं नाही.

जुनाजाणता: अरे देवा. आधी कोणाला उठवलंय का तिथून?