जुलैत क्योटोला चाललोय, टूर न घेता नुसतं पायी हिंडायचं तर कुठं हिंडावं?

होटगीरोडकर:
नमस्कार मंडळी, मुलगा जपानात ओसाकाला नोकरीला आहे, मी आणि सौ. जुलैत त्याच्याकडं चाललोय, त्यातले १५ ते १७ क्योटोत. देवळांची यादी पोरानं दिलीय पण आम्हाला गल्लीबोळातनं फिरायला आवडतं, वाटेत काही वाजतगाजत चाललं असेल तर तिथंच थांबायचं. आपल्या सोलापूरचं कोणी जाऊन आलंय का?

जॅकार्डवाली:
काका, तारखा लई भारी मिळाल्यात! तेव्हाच यासाका देवस्थानची गिओन मात्सुरी, म्हणजे तिथला मोठा उत्सव असतो. मी कंपनीच्या कामाला गेलेले, संध्याकाळी जेवायला बाहेर पडले तर शिजो रस्त्यावर गाड्या बंद, कंदिलांनी लखलखलेले उंचच्या उंच रथ उभे आणि वर बसून माणसं बासरी नि झांज वाजवतायत, मी जेवण विसरून रात्रीपर्यंत तिथंच. १५, १६ ला संध्याकाळी सहानंतर जावा. बाजूच्या गल्ल्यांत जुन्या घरांतली लोकं आपले वडिलोपार्जित, चित्रं काढलेले घडीचे पडदे बाहेरून दिसतील असे मांडतात. काही रथांवर लावलेले विणकामाचे पडदे तर १६व्या शतकात बेल्जियममध्ये विणलेले. आजोबा आमचे मागावर चादरी विणायचे, त्यामुळं माझा पाय निघेना. निशिजिन हा विणकरांचा भागही बघा, तिथल्या विणकरांना १८७२ मध्ये फ्रान्सला धाडून जॅकार्ड, म्हणजे नक्षी आपोआप विणणारा माग, आणलेला.

बाळीवेसकर:
१७ ला सकाळी ९ ला मिरवणूक. गर्दीत पळत बसू नका, शिजो-कावारामाची चौक धरा. रथाची चाकं वळत नाहीत, म्हणून खाली ओल्या बांबूच्या पट्ट्या टाकून माणसं दोरानं ओढून अख्खा रथ आडवा फिरवतात, मोठे रथ १० टनांच्या वर भरतात. आपल्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत उंच नंदीध्वज पेलणारे बघत वाढलेल्या माणसाच्या अंगावर काटाच येतो बघा. ८६९ साली रोगराई हटावी म्हणून हे सुरू झालं. आणि एक कळकळीनं सांगतो, बरेच पर्यटक रथ बघून निघून जातात, पण देव निघतो त्याच दिवशी संध्याकाळी! यासाकाहून तीन पालख्या खांद्यावरून निघतात, २४ पर्यंत शिजोवर मुक्कामाला असतात. ते चुकवू नका.

होटगीरोडकर:
दोघांचेही मनापासून आभार. सौ. म्हणते पालखी बघितल्याशिवाय हलायचं नाही, १७ ची परतीची गाडी रात्रीची करतो. ऊन कसं असतं तिथं?

जॅकार्डवाली:
आपल्या मे महिन्याइतका पारा चढत नाही पण दमटपणा फार, घाम वाळतच नाही. छत्री, पाण्याची बाटली घ्या आणि दुपारी निशिकी मार्केटमध्ये फिरा, वर छत आहे.