नॉन-कॉम्पीटवर बंदी आली म्हणतात, मग टेक्सासचा करार बाद का?

ऑस्टिनकर
टेक्सासच्या कंपनीच्या करारात नॉन-कॉम्पीट कलम आहे: नोकरी सोडल्यावर 12 महिने प्रतिस्पर्ध्याकडे काम करायचं नाही, तेही अख्ख्या अमेरिकेत. 2024 मध्ये एफटीसीने (फेडरल ट्रेड कमिशन, केंद्र सरकारचा व्यापार आयोग) नॉन-कॉम्पीटवर देशभर बंदी घातली ना? मग हे आपोआप बाद? आणि पुढची नोकरी कॅलिफोर्नियात असेल तर?

मुद्देसूद
बंदी जाहीर झाली, लागू कधीच झाली नाही. 4 सप्टेंबर 2024 पासून ती अमलात यायची होती. 20 ऑगस्टलाच टेक्सासमधल्या फेडरल जिल्हा न्यायालयाने 'रायन विरुद्ध एफटीसी'मध्ये नियम रद्द केला. असा नियम करायचा आयोगाला अधिकारच नाही, हे मुख्य कारण. सप्टेंबर 2025 मध्ये एफटीसीने अपीलही सोडून दिलं. म्हणजे गाडी परत राज्याच्या कायद्यावर.

टेक्सासात बिझनेस अँड कॉमर्स कोडचं कलम 15.50 वाचा. मुदत, भूभाग आणि कामाची व्याप्ती वाजवी हवी, शिवाय हे बंधन दुसऱ्या एखाद्या वैध कराराला जोडलेलं हवं. 'ते जोडलेलंच नाही' हा बचाव पूर्वी चालायचा. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो दोनदा बोथट केला: 2006 च्या शेशुनॉफ निकालाने सहीनंतर प्रत्यक्ष दिलेली गोपनीय माहितीही पुरेशी ठरवली, 2011 च्या मार्श निकालाने स्टॉक ऑप्शन्सही (कंपनीचे शेअर ठरल्या भावात घ्यायचा हक्क).

'अख्खी अमेरिका' लिहिलंय म्हणून कलम बाद, हा सगळ्यात महागात पडणारा समज. 15.51(सी) नुसार न्यायालय मर्यादा छाटून वाजवी करतं आणि मग बंधन लागू करतं. दिलासा एवढाच, की छाटणीच्या आधीच्या उल्लंघनाबद्दल नुकसानभरपाई मिळत नाही, फक्त मनाई हुकूम.

बे_एरिया_कट्टा
कॅलिफोर्नियाबद्दल. तिथे बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडच्या कलम 16600 मुळे असा करार निरर्थक. नाइन्थ सर्किटच्या (कॅलिफोर्निया ज्याच्या हद्दीत येतं ते फेडरल अपील न्यायालय) न्यायाधीशांनी मात्र 'बंधन छोटं असेल तर चालतं' अशी पळवाट त्यात वाचली होती. 2008 मध्ये 'एडवर्ड्स विरुद्ध आर्थर अँडरसन'मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ती बुजवली. राज्याच्या कायद्याचा अर्थ लावताना शेवटचा शब्द राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाचा. फेडरल कोर्टाचा तो फक्त अंदाज. म्हणून जुना फेडरल निकाल कोणी तोंडावर फेकला तर आधी साल बघा.

1 जानेवारी 2024 पासून 16600.5 म्हणतं, करार कुठेही, कधीही सही केलेला असो, इथे चालणार नाही. पण टेक्सासचं कोर्ट ते मानायला बांधील नाही. कंपनीने आधी तिकडे दावा लावला तर मनाई हुकूम तिकडून येऊ शकतो. परराज्यातल्या कोर्टापासून वाचवणारं लेबर कोडचं 925 कॅलिफोर्नियात राहून काम करणाऱ्यांसाठी आहे, ऑस्टिनमध्ये बसून केलेल्या सहीला ते लागत नाही.

ऑस्टिनकर
आणि 'दोन वर्षांच्या आत सोडल्यास ठरावीक रक्कम भरा' हे कलम? व्हिसा एच-1बी.

मुद्देसूद
ते वेगळं प्रकरण. मुदतीआधी सोडल्याचा दंड फेडरल नियमाने वर्ज्य आहे, आधीच ठरवलेली खरीखुरी नुकसानभरपाई मात्र चालते. दंड कुठला नि भरपाई कुठली, हे पुन्हा राज्याच्या कायद्यावर ठरतं. रकमेचा हिशेब लेखी मागा. एच-1बी अर्जाची फी आणि कंपनीच्या वकिलाची फी त्यात घातली असेल तर तेवढं वसूल करताच येत नाही. आणि राजीनाम्याआधी टेक्सासच्याच वकिलाला करार दाखवा, कॅलिफोर्नियाच्या नव्हे.