मदत हवी आहे : आईच्या घोट्यावरची जखम पाच महिने भरत नाहीये, फिजिओथेरपीने खरंच फरक पडतो का?

नमस्कार मंडळी,

जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

आई ६६ वर्षांची आहे. उजव्या पायाला, आतल्या बाजूने, घोट्याच्या चार बोटं वर जखम आहे. खाज सुटायची, खाजवून खाजवून साल निघाली आणि तिथून सुरुवात झाली. आधी नखाएवढी होती, आता काडेपेटीएवढी झालीय. खोल नाही, फार दुखतही नाही, पण लस इतकी गळते की संध्याकाळपर्यंत ड्रेसिंग, मोजा सगळं ओलं. आजूबाजूची कातडी तपकिरी आणि टणक झालीय. व्हेरिकोज व्हेन्स जुन्याच. मधुमेह नाही, रक्तदाबाची गोळी चालू आहे. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, जखम जिथल्या तिथे.

मागच्या आठवड्यात कुणीतरी सुचवलं म्हणून एका फिजिओथेरपी सेंटरला नेलं. अल्ट्रासाउंड आणि लेझर, दहा सिटिंग घ्या म्हणाले. जखम दोन मिनिटं पाहिली, पायाला हात लावला नाही, चालून दाखवा असंही म्हणाले नाहीत. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आई दिवसभर खुर्चीत पाय खाली सोडून बसते. चाललं की जखम उलते, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. कुणाला या मशिनांचा अनुभव आहे का? की नुसतीच येरझार होणार?

---

उंबरठा

मशिनांचं माहीत नाही, पण जखम उघडी ठेवा, वारा लागू द्या. कोरडी पडून खपली धरली की आपोआप भरते. आमच्याकडे असंच करतात.

---

सांधेजोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे, जखमांच्या रुग्णांसोबत बरीच वर्षं काम केलंय. आधी उंबरठा यांच्याबद्दल: राग मानू नका, पण हे जुनं झालं. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर दाखवून दिलं की ओलसर झाकून ठेवलेली जखम उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने नवी कातडी धरते. खपलीखालून पेशींना वाट काढावी लागते, त्यात वेळ जातो. ओलसर म्हणजे चिंब नव्हे, हेही आलंच. आईंचं ड्रेसिंग चिंब होतंय, म्हणजे ते तरी जास्त शोषणारं हवं किंवा लवकर बदलायला हवं.

आता मूळ प्रश्न. न बघता निदान करणार नाही, पण जागा, तपकिरी कातडी आणि गळती पाहता ही शिरांची जखम वाटते. तसं असेल तर दुखणं जखमेत नाही, पोटरीत आहे. आपण उभे असताना घोट्यापाशी शिरांमधला दाब साधारण ८० ते ९० मिमी पारा असतो. चालायला लागलं की पोटरीचा स्नायू आवळतो, रक्त वर ढकलतो आणि निरोगी पायात तो दाब ३० च्या खाली उतरतो. शिरांमधल्या झडपा निकामी झाल्या की वर गेलेलं रक्त परत खाली येतं, दाब उतरतच नाही. मग पाणी झिरपतं, कातडी टणक होते, आणि तिथे साधा ओरखडाही भरत नाही. अँटिबायोटिकने यातलं काय बदलणार? संसर्ग असेल तर ते हवंच, नसेल तर नाही.

म्हणून खरा उपचार दाबाच्या बँडेजचा, आणि ते बांधून चालण्याचा. घोट्यापाशी साधारण ४० मिमी दाब, वर जाताना कमी होत जाणारा. पण आत्ताच्या आत्ता दुकानातून पट्टी आणून गुंडाळू नका. आधी डॉप्लर (रक्ताचा प्रवाह ऐकायचं यंत्र) लावून घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.८ च्या खाली आलं तर धमन्यांमध्येच अडथळा असू शकतो, अशा पायाला पूर्ण दाब दिला तर बोटं काळी पडायची वेळ येते. ०.५ च्या खाली आलं तर बँडेज विसरा, रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे तातडीने जा. ही तपासणी झालीय का?

मशिनांचं स्पष्ट सांगतो. ब्रिटनमध्ये नेमक्या अशाच, लवकर न भरणाऱ्या जखमांच्या ३३७ रुग्णांवर अल्ट्रासाउंडची चाचणी झाली. आठवड्यातून एकदा, १२ आठवड्यांपर्यंत. २०११ मध्ये निकाल छापून आला: नेहमीच्या उपचाराला अल्ट्रासाउंडची जोड दिल्याने जखमा लवकर भरल्या नाहीत. लेझरची गोष्ट सुरू झाली १९६७ मध्ये, बुडापेस्टला. एन्द्रे मेस्टर यांनी भादरलेल्या उंदरांवर लेझर मारला आणि केस भराभर उगवले! तेव्हापासून जखमांवरही वापर सुरू झाला, पण निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, कारण प्रत्येक ठिकाणी मात्रा वेगळी, तरंगलांबी वेगळी. मी स्वतः लेझर वाईट म्हणणार नाही. बँडेजच्या जागी लेझर, हे मात्र चूक.

---

पाठराखण

माझ्या वडिलांचा अनुभव थोडा वेगळा आहे. लकव्यानंतर ते अंथरुणाला खिळले आणि माकडहाडावर जखम झाली. तिथे विजेचा उपचार दिला होता. जखमेत ओलं गॉज, त्यावर एक इलेक्ट्रोड, दुसरा मांडीवर. रोज सुमारे तासभर, आठवड्याचे पाच दिवस. बाबांना नुसत्या मुंग्या आल्यासारखं वाटायचं. जखम भरली, पण श्रेय कुणाला द्यायचं हे मला आजही कळत नाही, कारण त्याच सुमारास आम्ही गादी बदलली आणि रात्री गजर लावून कूस बदलायला लागलो.

---

सांधेजोड

@पाठराखण, तुमची शंका रास्त आहे. दाबामुळे होणाऱ्या जखमांमध्ये विजेच्या उपचाराला इतर मशिनांपेक्षा बरा आधार आहे. पण खालचा दाब काढला नाही तर त्याचाही उपयोग शून्य. त्यामागची कल्पना जुनी आहे: १८४३ मध्ये एमिल द्यु बॉइस-रेमंड यांनी स्वतःच्या कापलेल्या बोटातून वाहणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजला होता. शरीर जखमेपाशी स्वतःच वीज तयार करतं, पेशी तिच्या दिशेने सरकतात. पेसमेकर असेल, जखमेत कर्करोगाची शंका असेल, किंवा हाडापर्यंत संसर्ग पोचून त्यावर उपचार चालू नसतील, तर मात्र हा उपचार देत नाहीत.

आणि कुणी पाय भोवऱ्याच्या पाण्यात, म्हणजे यंत्राने पाणी घुसळणाऱ्या टबात, बुडवायला सांगितलं तर नको म्हणा. एकाचे जंतू दुसऱ्याला लागतात, शिवाय पाय खाली लोंबकळत राहून सूज वाढते ती वेगळीच. अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेनेच २०१४ मध्ये जखमांसाठी हे वापरू नका म्हणून सांगितलंय.

---

तिसरी_घंटा

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: वर आईंना मधुमेह नाही म्हणून हे सगळं चाललंय. मधुमेहात तळपायाला जखम असेल तर ‘चाला, चाला’ हा सल्ला उलटा पडतो. तिथे पायावरचा भार काढायचा असतो, प्लास्टरसारखा साचा घालून किंवा खास बूट देऊन. शिवाय धमन्या कडक झाल्याने डॉप्लरचा आकडा खोटाच चांगला येऊ शकतो, मग पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात. आमच्या घरी हे उशिरा कळलं.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. सहा आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला.

डॉप्लर झालं, उजव्या पायाचं गुणोत्तर ०.९८. धमन्या ठीक, दोष शिरांचाच. चार थरांचं बँडेज सुरू झालं, आठवड्याला एकदा बदलतात. नवीन फिजिओ बाईंनी जखमेकडे नंतर पाहिलं, आधी आईला भिंतीसमोर उभं केलं. पाऊल भिंतीला लावून गुडघा भिंतीला टेकवा म्हणाल्या. डाव्या पायाचा सहज टेकला. उजव्याचा टेकेचना, टाच उचलली जायची. घोटाच आखडलाय, मग पोटरी कशी आवळणार, असं त्या म्हणाल्या. पाच महिन्यांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

आता व्यायाम असा: ओट्याला धरून टाचा उचलायच्या, दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा. बसल्या बसल्या पाऊल वर-खाली. बँडेज बांधूनच वीस मिनिटं चालणं. बसताना पाय उशांवर, छातीच्या पातळीला. पहिल्या आठवड्यात आई रोज भांडायची, बँडेज काढ म्हणायची. बोटं निळी पडली किंवा बधिर झाली तर लगेच कापून टाका असं बाईंनी सांगितलं होतं, त्यामुळे मी दर तासाला तिची बोटं दाबून बघायचे. दाबलं की पांढरी, सोडलं की गुलाबी. तीही शेवटी हसायला लागली, ‘किती वेळा हजेरी घेशील’ म्हणून.

जखमेवर पारदर्शक कागद ठेवून पेनाने कड गिरवतो, तारीख घालतो. पहिल्या आणि चौथ्या आठवड्याचे कागद एकावर एक ठेवले तर जखम निम्म्याहून लहान दिसते. कडेला पातळ, गुलाबीसर कातडी सरकत येताना दिसते. लेझर घेतलाच नाही.

एक शंका राहिलीच: जखम भरली की बँडेज सुटेल ना? आई त्याच दिवसाची वाट बघतेय.

---

सांधेजोड

सुटेल, पण त्याच दिवशी दाबाचे मोजे चढतील, आणि ते रोजचे. झडपा काही दुरुस्त झालेल्या नाहीत, म्हणून अशा जखमा परत उघडतात. शिरांवर लेझरने वगैरे (जखमेवर मारतात तो लेझर नव्हे) उपचार करता येतो का हे सर्जनना आत्ताच विचारून ठेवा. भरलेली कातडी सुरुवातीला फार नाजूक असते, वर्षभराने, दोन वर्षांनीही मूळच्या साधारण ८० टक्केच ताकद येते. पहिले काही महिने मोजा चढवताना नख लागू देऊ नका, सकाळी उठल्या उठल्या, पाय सुजायच्या आत चढवा. टाचा उचलणं चालूच ठेवायचं. मोज्यांचं आईंना मात्र तुम्हीच सांगा, आधीच भांडून झालंय म्हणता.