नोटोरियस म्हणजे फेमस नव्हे, कितीदा सांगायचं?

टिळकवाडीचा मास्तर: काल इथं एकानं ठोकून दिलं, ‘फेमस, नोटोरियस, इन्फेमस सगळं एकच, नाव गाजलं म्हणजे झालं.’ डोकं फिरलं. फेमस म्हणजे नावाजलेला. नोटोरियस म्हणजे वाईट कारणानं गावभर झालेला. इन्फमसमध्ये त्या कृत्याची चीड जास्त. उच्चारही ‘इन-फेमस’ नव्हे, जोर पहिल्या ‘इन्’वर. ८ डिसेंबर १९४१ च्या भाषणात अमेरिकेच्या अध्यक्ष रूझवेल्टनी पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याच्या तारखेला ‘इन्फमी’ म्हणजे कलंक चिकटवला, ते काय कौतुक होतं? सोपं करून सांगतो: बेळगाव कुंद्यासाठी फेमस, निपाणी तंबाखूसाठी नोटोरियस.

निपाणीकर: उदाहरणाला आमचंच गाव सापडलं काय? माझी आज्जी तंबाखूच्या वखारीत जायची. संध्याकाळी दारात पदर झटकला की आम्ही पोरं शिंकून बेजार. त्या पगारावर बाबा शिकले. १९८१ ला तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी हायवे अडवला, शरद जोशी पुढं होते, गोळीबारात माणसं गेली. आणि तुम्ही घरात बसून बदनाम करतासा?

खडेबाजार: कॅन्सर होतो त्याचं काय?

निपाणीकर: होतो की. मग ओढणाऱ्याला बोला, कंपनीला बोला. पिकवणाऱ्यानं काय घोडं मारलंय?

शहापूरची सून: तंबाखू आवरा. ‘रेप्यूटेड’चं बोला. साहेबाकडं त्याचा अर्थ ‘असं म्हणतात बुवा’. भरवशाचं ते ‘रेप्यूटेबल’. नणंदेला स्थळ आलं, मुलगा रेप्यूटेड कंपनीत. सासरे चौकशीला गेले तर शटर खाली, वर भाड्यानं देण्याची पाटी. शब्द बरोबरच होता म्हणायचा!

खानापूरकर: आपल्याकडं रेप्यूटेड म्हणजे चांगली, सगळ्यांना कळतंय. इथं मराठी पाट्यांवरून जीव खाली-वर होतोय आणि तुम्ही साहेबाच्या भाषेची राखण करत बसलाय.

टिळकवाडीचा मास्तर: मग नोकरीच्या अर्जात ‘मी कॉलेजात नोटोरियस होतो’ लिहा. माझ्या एका विद्यार्थ्यानं लिहिलेलं. हा कोण नग आहे ते बघायला मुलाखतीला बोलावलं त्याला.

खानापूरकर: म्हणजे फायदाच झाला की!

निपाणीकर: मास्तर, वाक्य बदलतासा काय नाही?

टिळकवाडीचा मास्तर: बदललं, महाराज. निपाणी तंबाखूसाठी ‘वेल-नोन’. ना स्तुती, ना निंदा. झालं समाधान?

निपाणीकर: ‘रिनाउन्ड’ करा.

टिळकवाडीचा मास्तर: ते आदरानं म्हणतात. सर्जनला, गवयाला. तंबाखूला कोण म्हणतंय?

निपाणीकर: बिडीवाले. सौद्याला या एकदा, कसं चिमटीत धरून वास घेतात बघा.