मदत हवी आहे : दूधगंगेच्या पुराचा अंदाज गावातच कसा बांधायचा?

मंडळी, आमचं गाव सदलग्याजवळ, दूधगंगेच्या काठी. पावसाळा लागला की सगळे कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी फॉरवर्ड करत बसतात. ३९ फूट इशारा, ४३ धोका. पण ती पंचगंगेची, आमची नदीच वेगळी! आम्हाला बघायचा असतो दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणाचा विसर्ग. त्यात खाली कल्लोळजवळच्या संगमावर कृष्णा फुगली की दूधगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं तुंबतं. वर पाऊस थांबला तरी इथं चढतच राहतं. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा जनावरं हलवायला रात्र झाली.

धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये कळतो, कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्याची पातळीही मिळते. आम्ही पुलाच्या खांबावर रंगानं फुटांच्या खुणा केल्यात, वहीत नोंदही ठेवतोय. सेन्सर सुचवू नका. तेवढे पैसे नाहीत, आणि पुरात लाईट आधी जाते.

कारदगा, भोज, एकसंब्याकडं कुणी अशी वही ठेवली आहे का? काळम्मावाडीतून सोडलेलं पाणी सदलग्याला पोचायला किती तास धरता, आणि राजापूरला किती फूट झालं की गोठे रिकामे करता?