रानबदकाचं ब्रेस्ट वातड होतंय, नक्की किती वेळ ठेवायचं?

मीनल_के
नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे. माझ्या दिरांच्या मित्राकडे शिकारीचं लायसन्स आहे, त्यांनी सीझनमध्ये मारलेली दोन मॅलार्ड जातीची रानबदकं आम्हाला दिली, साफ करून, ब्रेस्ट वेगळी काढून, कातडीसकट. म्हणजे एकूण चार तुकडे. त्यातले दोन मी मागच्या रविवारी केले आणि पार वाया गेले हो. रेसिपी बाजारात मिळणाऱ्या बदकाची होती, थंड पॅनमध्ये कातडी खाली करून ठेवायचं, मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं चरबी वितळू द्यायची, मग पलटून ओव्हनमध्ये आठ मिनिटं. मी अगदी घड्याळ लावून केलं. चरबी जेमतेम चमचाभर सुटली, कातडी कुरकुरीत व्हायच्या ऐवजी चामट झाली आणि कापलं तर आत राखाडी, खाताना शिळ्या कलेजीसारखा वास. घरात कोणी काही बोललं नाही पण ताटात तसंच उरलं ते मी बघितलं ना. एक पक्षी मारला गेला आणि तो नीट खाल्लाही गेला नाही हे मला फार लागलंय.
आता दोन तुकडे फ्रीझरमध्ये आहेत. हे मला नीट करायचेत. किती वेळ ठेवायचं? आतून लाल राहिलं तर चालतं का? आणि वास जावा म्हणून दुधात भिजवायला सांगतात, ते खरंच उपयोगी आहे का?

रानवाट
मीनलताई, तुमच्या हाताची चूक नाही, रेसिपी दुसऱ्याच पक्ष्याची होती. पाळलेलं बदक बसून खातं, त्याच्या कातडीखाली जाड चरबीचा थर असतो, तो हळूहळू वितळवायला थंड पॅन आणि पंधरा मिनिटं लागतातच. रानातलं बदक शेकडो मैल उडतं, त्याची छाती म्हणजे त्याचं इंजिन. सतत काम करणारा स्नायू म्हणून त्यात मायोग्लोबिन (स्नायूत ऑक्सिजन साठवणारं लाल प्रथिन) भरपूर, त्यामुळे मांस इतकं गडद, जवळजवळ वाइनच्या रंगाचं. कोंबडी फार उडत नाही म्हणून तिची छाती पांढरी. आणि मॅलार्डचा एका बाजूचा तुकडा शंभर-सव्वाशे ग्रॅमचा, त्यावर चरबी कागदासारखी. एवढ्या लहान, सुक्या तुकड्याला वीस-बावीस मिनिटं दिली की तो कलेजीच होणार, तो वास जास्त शिजल्याचा आहे, पक्ष्याचा नाही.
मी असं करतो. आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून खाली फ्रिजमध्ये ठेवायचं. शिजवायच्या आधी अर्धा तास बाहेर, आणि किचन टॉवेलने कोरडं करायचं, खरंच कोरडं, कारण ओली कातडी भाजत नाही, उकडते. कातडीवर सुरीने तिरक्या रेघा मारायच्या पण फक्त कातडीपुरत्या, मांसाला सुरी लागली की रस तिथूनच जातो. बिडाचा तवा असेल तर तोच घ्या, चमचाभर तेल, आच मध्यमपेक्षा थोडी वर. कातडी खाली करून ठेवलं की ते लगेच आक्रसून वाटीसारखं वर उचलतं, तेव्हा उलथन्याने अर्धा मिनिट दाबून धरायचं, एवढं केलं तरच कातडी सगळीकडून खरपूस होते. तीन ते चार मिनिटं त्या बाजूने, पलटून एक-दीड मिनिट, बस. ओव्हन नकोच.
आणि कृपा करून एक थर्मामीटर घ्या. घड्याळावर जाऊ नका, प्रत्येक तुकड्याची जाडी वेगळी असते, टील नावाचं छोटं रानबदक असेल तर मॅलार्डच्या निम्म्याहून लहान, त्याला दोन मिनिटंही पुरतात. मी ५२–५३ अंश सेल्सिअसला उतरवतो, ताटलीत पाच मिनिटं तसंच ठेवतो, तेवढ्यात आतलं तापमान आपोआप ५६–५७ पर्यंत चढतं. मग धाग्यांना आडवं कापायचं. सरळ धाग्यांच्या दिशेने कापलं तर कितीही छान शिजलेलं असो, दाताखाली दोरा आल्यासारखं वाटतं.

सुलभा_पी
रानवाट यांची पद्धत चवीला उत्तमच, पण मीनलने लाल चालतं का विचारलंय आणि त्याचं उत्तर अर्धवट राहू नये म्हणून लिहिते. सरकारी अन्नसुरक्षेची शिफारस सगळ्या पक्ष्यांच्या मांसासाठी ७४ अंश आहे, जंगली असो की पाळीव. शिकारी मंडळी गुलाबी ठेवून खातात, वर्षानुवर्षं खातात, पण ती जोखीम त्यांनी समजून घेतलेली असते. घरात गरोदर बाई, लहान मुलं, म्हातारी माणसं किंवा कोणाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर त्यांना गुलाबी देऊ नका, यात मला तरी दुमत दिसत नाही. रानबदकांमध्ये बर्ड फ्लूचे विषाणू असू शकतात, पूर्ण शिजवल्यावर ते मरतात. कच्चं मांस हाताळलेली सुरी आणि पाट गरम पाण्या-साबणाने धुवून घ्या.
मग पूर्ण शिजवायचं तर वातड होणार असं नाही. कातडी काढून खिमा करा, त्यात वरून थोडी चरबी किंवा बटर मिसळा, गोळे करून शिजवा. चरबी कमी असलेलं मांस ७४ पर्यंत नेलं की कोरडं पडतं, खिम्यात ती चरबी तेवढी उणीव भरून काढते.
अजून एक. शिजवण्याआधी तुकडा उजेडात धरून बघ. छर्रा घुसलेल्या ठिकाणी बारीक काळपट भोक दिसतं, त्यातून कधी कधी पीस आत ओढलं गेलेलं असतं, ते चिमट्याने काढ आणि आजूबाजूचं रक्त साकळलेलं मांस कापून टाक, अर्धा वशट वास तिथलाच असतो. छर्रे स्टीलचे असोत की शिशाचे, बोटाने चाचपून काढायचेच, शिसं तर पोटात जाताच कामा नये. आणि मांसात तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे लांबट ठिपके धाग्यांच्या दिशेने पसरलेले दिसले तर तो सार्कोसिस्टिस नावाचा परजीवी. माणसाला तो लागल्याचं माहीत नाही, पण खावंसं वाटत नाही, मी तरी टाकून देते.

तळ्याकाठी
दुधाबद्दल माझा अनुभव. मी बरीच वर्षं दुधात भिजवत होतो कारण घरात तसंच बघितलेलं. मग एकदा एकाच पक्ष्याचे दोन तुकडे घेतले, एक दुधात, एक मिठाच्या पाण्यात, दोन्ही रात्रभर. दुधातला थोडा मवाळ लागला पण कातडी काही केल्या भाजेना. मिठाच्या पाण्यातला आतपर्यंत रसाळ आणि रक्तही बरंच उतरलेलं. तेव्हापासून एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम मीठ, चार ते आठ तास, फ्रिजमध्येच. त्याहून जास्त ठेवू नका, मांस खारट होऊन घट्ट पडतं. आणि नंतर वरून मीठ घालायचं नाही हं.
वास मात्र कोणतं बदक आहे यावर जास्त ठरतो. मॅलार्ड, पिनटेल, टील बहुतेक धान्य आणि बिया खातात, त्यांना काही लपवायची गरज नाही. मर्गान्झरसारखी मासे खाणारी असतील तर माशाचा वास चरबीत उतरतो, मांसात तेवढा नाही, म्हणून त्यांची कातडी आणि चरबी सगळी काढून टाकायची, पिवळट दिसेल ती प्रत्येक चिकटी सुद्धा. ओळखायचं कसं, तर चरबीचा बारीक तुकडा आधी तव्यावर वितळवून वास घ्यायचा. छान वास आला तर कातडी ठेवा.

मीनल_के
केलं! सगळ्यांचे मनापासून आभार. चरबीचा तुकडा आधी तव्यावर टाकून बघितला, अगदी भाजलेल्या दाण्यांसारखा वास आला, म्हणून कातडी ठेवली. मिठाच्या पाण्यात सहा तास. चाचपताना अंगठ्याखाली काहीतरी टणक लागलं, वरून भोकसुद्धा दिसत नव्हतं, सुरीच्या टोकाने उकरलं तर मोहरीएवढा छर्रा आणि त्याला गुंडाळलेलं एक करडं पीस. मागच्या वेळी मी हे बघितलंच नव्हतं.
तवा तापवून ठेवलं, खरंच वाटीसारखं उचललं गेलं, दाबून धरलं. चौथ्या मिनिटाला पलटलं, थर्मामीटर ५३ दाखवायला लागल्यावर उतरवलं. सासूबाईंसाठी एक तुकडा सुलभाताईंनी सांगितल्याप्रमाणे खिमा करून ७४ पर्यंत नेला, बटर घालून. दुसरा तुकडा आम्ही दोघांनी गुलाबी खाल्ला, त्याच तव्यात संत्र्याचा रस आणि थोडं व्हिनेगर आटवून वर घातलं. ताटात काही उरलं नाही.
दिरांचे मित्र म्हणाले पुढच्या वेळी तंगड्याही देतो, त्याही अशाच भाजायच्या का?

रानवाट
ऐकून फार बरं वाटलं. तंगड्या अशा नका करू, त्यात शिरा आणि स्नायूबंध फार, तव्यावर चार मिनिटांत दगड होतील. त्या झाकण घालून थोड्या पाण्यात मंद आचेवर दोन-अडीच तास, हाड हाताने सुटून येईपर्यंत. आणि कातडी काढू नका, शिजताना तीच थोडीफार चरबी सोडते.